काजूच्या हंगामात घाटाखाली जाताना: माकडतापापासून कसं जपायचं आणि ताप आलाच तर काय करायचं

फेब्रुवारी लागला की चंदगड, आजरा, भुदरगड भागातली माणसं काजूच्या कामाला घाटाखाली उतरतात. कुणी तिलारी घाटातून दोडामार्गला जातं, कुणी आंबोलीवरून सावंतवाडी-बांद्याकडे. कुणाची स्वतःची बाग असते, कुणी हंगामापुरती खंडाने घेतलेली असते, कुणी रोजंदारीवर बी वेचायला जातं. हा लेख त्या सगळ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. ज्यांचा पहिलाच हंगाम आहे त्यांनी तर जाण्याआधीच वाचावा.

दोडामार्ग तालुक्यातल्या बागेतून परत आल्यावर माझ्या थोरल्या भावाला माकडताप झाला. दादा आता ठणठणीत आहे. पण ताप नेमका कशाचा हे कळेपर्यंत आमच्या घरावर जी वेळ आली ती दुसऱ्या कुणावर येऊ नये, एवढ्यासाठी लिहितोय.

अडचण अशी आहे. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण ३ ते ८ दिवस लागतात. म्हणजे हा विषाणू देणारी गोचीड चावते घाटाखाली आणि माणूस आजारी पडतो घाटावर, आपल्या घरी. सिंधुदुर्गातल्या आरोग्य केंद्रांना हा ताप ओळखीचा आहे. आपल्याकडच्या दवाखान्यात तोच रुग्ण डेंग्यूचा किंवा टायफॉइडचा वाटतो. तो कुठून आलाय हे आपण सांगितलं नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

१. आजार कसा पसरतो ते आधी समजून घ्या

माकडताप हा विषाणूमुळे होणारा ताप आहे आणि तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी हा विषाणू शोधून काढला. म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी म्हणतात. डॉक्टरांशी बोलताना हेच नाव वापरा, पटकन कळतं.

कित्येक वर्षं हा आजार शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांपुरताच होता. २०१२ नंतर तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशा ठिकाणी सापडला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढच्याच वर्षी बांदा परिसरात रुग्ण मिळाले. गोव्यातल्या काजू बागांत कामाला गेलेले बेळगाव जिल्ह्यातले मजूरही आजारी पडले होते. आपल्यासाठी महत्त्वाचं ते हेच. चंदगडचं जंगल आणि तिलारीचं जंगल वेगळं नाही, डोंगर एकच आहे. घाटावरच्या काजू बागेत काम करणाऱ्यांनीही पुढची काळजी घेतलेली बरी.

माकड चावल्याने किंवा दिसल्याने हा ताप येत नाही. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडं या आजाराने मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात आणि त्या जागेभोवती धोका वाढतो. एकदा विषाणू शिरलेली गोचीड जन्मभर तो बाळगते. रुग्णाकडून दुसऱ्या माणसाला मात्र हा ताप होत नाही. दादाच्या आजारपणात शेजारच्या काही जणांनी घरी यायचं बंद केलं होतं. त्याची काहीच गरज नव्हती. रुग्णाजवळ बसा, त्याला जेवू घाला, काही होत नाही.

हंगाम लक्षात ठेवा: डिसेंबरपासून मेपर्यंत, त्यातही जानेवारी ते एप्रिल. पावसाळ्यानंतर अंड्यांतून निघालेली पिल्लं हिवाळ्यात वाढतात आणि या महिन्यांत त्यांची मधली अवस्था रानात सगळीकडे असते. माणसाला चावते ती प्रामुख्याने हीच गोचीड. गुरांच्या कानाला लोंबणारी, फुगलेली गोचीड आपण ओळखतो. ही तिळाएवढी असते, चावली तरी बऱ्याचदा कळत नाही.

२. जाण्यापूर्वी हे सामान घ्या

- पूर्ण बाह्यांचे दोन-तीन शर्ट आणि पायघोळ पँट, शक्यतो फिक्या रंगाचे. गडद कपड्यावर बारीक गोचीड दिसत नाही. बायकांनी साडीच्या आत पँट किंवा लेगिंग घालावी.
- लांब मोजे आणि बंद बूट. गमबूट असतील तर उत्तम.
- डीएमपी किंवा डेपा तेल. हे अंगाला लावायचं, गोचीड दूर ठेवणारं औषध आहे. सिंधुदुर्गातल्या ज्या भागात आजार आहे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा.
- टोकदार चिमटा. भुवया कोरायचा चपट्या टोकाचा नको, बारीक टोकाचा घ्या.
- साबण, डेटॉल, छोटा आरसा, बॅटरी.
- पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि थर्मामीटर.
- एक छोटी वही आणि पेन. ही कशाला ते सहाव्या पायरीत सांगतो.

लसीबद्दल बरेच जण विचारतात. कर्नाटकात जुनी लस अनेक वर्षं दिली जायची, पण तिचा गुण कमी पडू लागल्यावर ती थांबवली गेली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुढाकाराने नवी लस तयार करायचं काम चालू आहे. तोवर अंग झाकणं, तेल लावणं आणि अंग तपासणं एवढंच आपल्या हातात आहे.

३. बागेत काम करताना

गोचिडी झाडावरून उडी मारत नाहीत. त्या जमिनीवरच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळलेल्या पाल्यापाचोळ्यात, आणि गवताच्या टोकाला असतात आणि माणूस किंवा जनावर जवळून गेलं की चिकटतात. काजूचं काम नेमकं असं आहे की दिवसभर वाकून, पातेऱ्यात हात घालून पडलेलं बी वेचायचं. बोंडू पिळून बी वेगळं करायला लोक तिथेच बसकण मारतात. दुपारी जेवून पातेऱ्यावरच अंग टाकतात. धोका वाढवणाऱ्या सवयी याच आहेत.

म्हणून सकाळी बागेत शिरण्याआधी हात, मान आणि पायांना तेल लावा. डोळे, तोंड आणि जखमा सोडून. घामाने तेल जातं, दुपारी पुन्हा लावा. पँटचं टोक मोज्यात खोचा. बघायला बरं दिसत नाही म्हणून अनेक जण हे टाळतात, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो, कारण गोचीड पायाकडून वर चढते. बी वेचायला लांब काठी किंवा खराटा वापरून आधी पातेरा बाजूला करा. बसायला ताडपत्री किंवा प्लास्टिकचं पोतं न्या, जेवण आणि विश्रांती मोकळ्या, झाडलेल्या जागी करा.

आता पातेऱ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण हा धोका बागेपुरता नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात रानातून पातेरा गोळा करून आणतात: गोठ्यात गुरांखाली घालायला आणि भाताच्या तरव्याची (रोपांची) जागा भाजायला. काम बहुतेक घरातल्या बायका करतात. पातेऱ्याचा भारा डोक्यावर आणि मानेवर असतो, आणि महिने मार्च-एप्रिलचे. जिथे माकडं मेल्याचं ऐकलं असेल त्या रानातला पातेरा त्या वर्षी अजिबात आणू नका. इतर ठिकाणचा आणायचाच असेल तर अंगभर कपडे, डोक्याला पदराऐवजी घट्ट टॉवेल, भारा अंगणाबाहेर टाकणं आणि लगेच आंघोळ, एवढं तरी करा. गोठ्यात रानातल्या पातेऱ्याऐवजी भाताचं पिंजार घातलेलं जास्त चांगलं.

गुरांना हा आजार होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर वाढतात. रानात चरणाऱ्या जनावरांवरच्या गोचिडींसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्या. दुकानातलं फवारणीचं कीटकनाशक अंदाजाने गुरांना लावू नका.

४. मुक्कामी परतल्यावर

कपडे आत नेऊ नका. बाहेरच काढून गरम पाण्यात भिजवा, नाहीतर कडक उन्हात टाका. साबणाने आंघोळ करा आणि अंग तपासा. ठिकाणं ठरलेली आहेत: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, कमरेला पट्ट्याखाली, जांघेत, गुडघ्याच्या मागे, बोटांच्या बेचक्यात. पाठ दुसऱ्याला बघायला सांगा. मुलं सोबत असतील तर त्यांचं डोकं बॅटरीच्या उजेडात बघा.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने ती कातडीच्या अगदी जवळ धरा आणि न पिळता, न हिसकता, सरळ वर हळूहळू ओढा. ती सुटायला थोडा वेळ लागतो, घाई करू नका. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर टोकरत बसू नका. जागा साबणाने धुवा, डेटॉल लावा.

रॉकेल ओतणं, चुना किंवा तंबाखू लावणं, विडीचा चटका देणं हे सगळं बंद करा. त्याने गोचीड सुटायला वेळ लागतो आणि तोवर तिची लाळ अंगात जात राहते. नखावर चिरडायची सवय तर फारच वाईट, तिच्या अंगातलं रक्त आपल्या हाताला लागतं. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाका किंवा चिकटपट्टीत गुंडाळून फेका.

चावलेल्या तारखेची वहीत नोंद करा. गोचीड चावली म्हणजे ताप येणारच असं नाही, बहुतेक गोचिडींत विषाणू नसतो. घाबरू नका, पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा.

५. मेलेलं माकड दिसलं तर

हात लावू नका, ओढून टाकू नका, पुरू नका, जवळ जाऊन फोटो काढू नका. कुत्र्यांनाही तिकडे जाऊ देऊ नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. ते येऊन माकडाची विल्हेवाट लावतात, शक्य असेल तर तपासणीला नमुने घेतात आणि भोवतालच्या साधारण ५० फुटांत मॅलेथिऑनची पावडर मारतात. ती मारायचं काम त्यांचंच.

बागमालक काम थांबेल म्हणून कळवायला कां-कू करतो असा अनुभव येतो. मग तुम्ही कळवा. माकडं मरू लागणं ही माणसांत आजार येण्याआधीची सूचना असते.

६. ताप आला तर पहिल्या भेटीत काय सांगायचं

माकडतापाची सुरुवात एकदम होते. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी १०४ तापाने अंथरुणाला खिळतो. डोकं प्रचंड दुखतं, कंबर आणि पोटऱ्या कुणी ठेचल्यासारख्या दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात. काहींना नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जातं. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी येतात. आता हे वर्णन डेंग्यूशी किती जुळतं ते बघा.

दादाला आम्ही ज्या खाजगी दवाखान्यात नेलं तिथे डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह आल्यावर ‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणून सलाईन लावत राहिले. कुठे कामाला गेला होता हे कुणी विचारलं नाही. घाटाखालच्या बागमालकाचा फोन आला, की त्याच्याकडचे दोन मजूर तापाने पडलेत आणि आरोग्य खात्याची माणसं रक्त घेऊन गेलीत, तेव्हा पुढची चक्रं फिरली.

म्हणून डॉक्टरांसमोर बसताच, त्यांनी विचारायची वाट न बघता, सांगा: ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दोडामार्गच्या काजू बागेत होतो. तिथे माकडताप आहे. केएफडीची तपासणी करता येईल का?’ तापात रुग्णाला नीट बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहून ठेवायचं. आम्ही नंतर ज्या कागदावर लिहून दिलं तो असा होता:

*ताप सुरू: तारीख, दुपार की रात्र. बागेचं गाव, तालुका. तिथे राहिलो ते दिवस. गोचीड चावल्याची तारीख. माकड मेल्याचं ऐकलं का. सोबतच्या कुणाला ताप आहे का. घेतलेली औषधं.*

ताप सुरू झाल्याची तारीख यात सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर तपासणीत विषाणू सापडतो, पुढे रक्तातल्या प्रतिपिंडांची आयजीएम तपासणी उपयोगी पडते. तारीख चुकली तर निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड होतं.

तापासाठी पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अंगदुखीसाठी मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. याच भागात लेप्टो आणि स्क्रब टायफस हे तापही असतात आणि त्यांवर प्रतिजैविकं चालतात. त्यामुळे रिपोर्ट यायच्या आत डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन सुरू केलं तर ‘विषाणूचा ताप आहे, मग हे कशाला’ म्हणून अडवू नका.

७. नमुना कुठे द्यायचा, काय कागद लागतात

ही तपासणी बाजारातल्या साध्या लॅबमध्ये होत नाही. तिथे पैसे घालवू नका. सरकारी दवाखान्यातून नमुना घेतला जातो आणि थंड पेटीतून पुढे, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेत जातो. आपल्या भागातल्यांनी चंदगड किंवा आजऱ्याचं ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठावं. रुग्ण हलण्यासारखा नसेल तर १०८ ला फोन करा. खाजगीत दाखल असाल तर तिथल्या डॉक्टरांना तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलायला सांगा. गावच्या आशाताईंनाही कळवा, त्यांच्यामार्फत निरोप लवकर पोहोचतो.

सोबत हे असू द्या:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल झाल्याबरोबर भेटा, डिस्चार्जच्या वेळी नको.
- आधीचे सगळे रक्ताचे रिपोर्ट आणि चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावून.
- चालू औषधांच्या पट्ट्या.
- वर सांगितलेला कागद, आणि त्याची एक झेरॉक्स.
- बागमालकाचा आणि सोबतच्या कामगारांचा फोन नंबर.

नमुना दिल्यावर तो कुठे पाठवला आणि रिपोर्ट कुणाकडे येणार हे विचारून त्या माणसाचा नंबर घ्या. रुग्णाला मधेच दुसऱ्या दवाखान्यात हलवलं तर रिपोर्ट पहिल्याच ठिकाणी पडून राहतो. रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबत नाहीत. या आजारावर विषाणू मारणारं औषध नाही. पाणी-क्षार टिकवणं, रक्तस्रावावर आणि रक्तदाबावर नजर ठेवणं हाच उपचार, आणि तो वेळेवर मिळाला तर बहुतेक रुग्ण वाचतात. १०० रुग्णांत साधारण ३ ते ५ दगावतात, म्हणून घरी अंगावर काढायचा हा ताप नाही.

८. ताप उतरल्यावर

इथे बरेच जण फसतात. काही रुग्णांत, साधारण १० ते २० टक्क्यांत, ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे माणूस बरा असतो आणि ताप पुन्हा उलटतो. या दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम होऊ शकतो. डोकं असह्य दुखणं, मान आखडणं, हात थरथरणं, अंधूक दिसणं, असंबद्ध बोलणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच रात्री दवाखान्यात न्या.

हंगाम निघून चालला म्हणून दादा ताप उतरल्या उतरल्या बागेत परतायला निघाला होता. आईने त्याचे बूट उचलून माळ्यावर टाकले. त्यानंतरही कितीतरी दिवस जिना चढला की त्याला धाप लागायची. अशक्तपणा काही आठवडे, कधी काही महिने राहतो. त्या काळात जड काम देऊ नका.

९. बागमालक आणि मुकादमांनी एवढं करावं

तेल, मोजे आणि बूट मजुरांना तुम्ही द्या, त्यांच्या रोजातून कापू नका. बसायची जागा झाडून ठेवा. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि घरचा फोन नंबर लिहून ठेवा, कारण माणूस आजारी पडतो तो घरी गेल्यावर. बागेत एकाला जरी माकडताप निघाला तरी यादीतल्या सगळ्यांना, आधीच काम सोडून घाटावर गेलेल्यांनाही, त्याच दिवशी फोन करून सांगा.